चित्रात नजर कुठून शिरते, कुठं थांबते: निसर्गचित्राची रचना, पायरी-पायरीने

डिसेंबरातली दुपार, साडेचारचा सुमार. पुण्यातल्या ओंकारेश्वराच्या समोरच्या काठावर बसून मी दीड तास देऊळ रंगवलं होतं. शिखराचा पांढरा चुना, त्यावरचं तिरपं ऊन, घाटाच्या पायऱ्या, खाली मुठेचं काळपट हिरवं पाणी. देवळापाशी हार विकणाऱ्या एक मावशी पूल ओलांडून घरी निघाल्या होत्या. त्या थांबल्या, वाकून चित्र बघितलं, आणि त्यांचं बोट सरळ कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात गेलं. "निर्माल्याचा ड्रम अगदी हुबेहूब आलाय बघा."

ड्रम तिथं होताच. निळा, प्लास्टिकचा, माझ्याच काठावर ऊन खात उभा. दिसला म्हणून काढला आणि ट्यूबमधला निळा जसाच्या तसा लावला. त्याच्यामागे उन्हातली फिकट माती होती, त्यामुळे त्याची कड सुरीने कापल्यासारखी उठली. शिखरावर माझा तास गेला होता, ड्रमवर दोन मिनिटं. पण बघणाऱ्याला आपले तास दिसत नाहीत. त्याला चित्रात जे सगळ्यात मोठ्याने बोलतं ते आधी ऐकू येतं.

त्या दिवसानंतर मी रचना नव्याने शिकायला घेतली. टेकडीवर, नदीकाठी, पेठांत बसून जे हाती लागलं ते इथं कामाच्या क्रमाने मांडतोय. उदाहरणं जलरंगाची आहेत, पण पोस्टर कलर, ॲक्रिलिक किंवा तैलरंग वापरणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. मुख्य उदाहरण म्हणून तोच घाट घेतो.

नजर चालत नाही, उड्या मारते

आधी डोळ्याचं थोडं समजून घेऊ, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हात पूर्ण लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. जवळपास त्या नखाएवढ्या भागातच आपल्याला खरोखर स्वच्छ दिसतं. बाकीचं अंधुक असतं. पण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारून हवं तिथलं टिपून आणतो आणि मेंदू ते जोडून देतो, म्हणून आपल्याला सगळंच स्वच्छ असल्यासारखं वाटतं. आल्फ्रेड यार्बुस या रशियन संशोधकाने चित्र बघणाऱ्या माणसांच्या डोळ्यांच्या हालचालींची नोंद केली होती. त्यासाठी वापरलेल्या चित्रांत चित्रकार इल्या रेपिनचं, घरी अवचित परतलेल्या माणसाचं चित्रही होतं. नजर माणसांवर आणि चेहऱ्यांवर पुन्हा पुन्हा परत येते, आणि बघणाऱ्याला प्रश्न बदलून विचारला की तिचा मार्गही बदलतो, असं त्या नोंदींत दिसलं.

आपल्याला सहसा शिकवतात की रस्त्याची रेघ काढा, नजर तिच्यावरून चालत आत जाईल. नजर तशी चालत नाही. ती एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर झेप घेते. रस्ता, नदी, कुंपण यांचा उपयोग थांबे ओळीने लावण्यासाठी आणि पुढची झेप कुठं घ्यायची याची दिशा सुचवण्यासाठी. म्हणून मी आधी थांबे ठरवतो, रेघांचा विचार नंतर.

थांबा तयार होतो तो सगळ्यात आधी उजळ आणि गडद यांच्या टकरीने. पांढऱ्याला काळं चिकटलं की तिथं नजर गेलीच. मग येते तीक्ष्ण कड, मग शुद्ध रंग, मग माणूस किंवा जनावर, कितीही छोटं असलं तरी. आणि अक्षरं. लक्ष्मी रस्त्याचं चित्र करताना दुकानाची पाटी वाचता येईल अशी लिहिलीत, तर बघणारा ती वाचणार, त्याचा इलाज नाही. पाटीचा रंग ठेवा, अक्षरं मोडून टाका.

रंगाच्या एका ठिपक्याची ताकद किती, याचा १८३२ सालचा किस्सा प्रसिद्ध आहे. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात दोन इंग्रज चित्रकारांची चित्रं, टर्नरचं करड्या समुद्राचं चित्र आणि कॉन्स्टेबलचं वॉटर्लू पुलाचं लाल-सोनेरी चित्र शेजारी लागलं होतं. प्रदर्शन उघडण्याआधी शेवटचे हात फिरवायला चित्रकारांना वेळ मिळत असे. टर्नर आला, दोन्ही चित्रांकडे बघितलं, आपल्या करड्या समुद्रात लाल रंगाचा एक गोल ठिपका ठेवला आणि निघून गेला. नंतर त्याने त्या ठिपक्याचा तरंगता बोया केला. कॉन्स्टेबलच्या चित्रातले सगळे लाल त्या एका ठिपक्यापुढे फिके पडले. तो ठिपका बोलला तो आजूबाजूच्या करड्या शांततेमुळे. माझा ड्रमही त्याच कारणाने बोलला होता, फक्त नको त्या जागी.

पहिलं काम: एक वाक्य लिहा

कागद चिकटवण्याआधी स्केचबुकच्या कोपऱ्यात एक वाक्य लिहा: हे चित्र मी का काढतोय? वाक्यात क्रियापद हवं. 'ओंकारेश्वर' हे वाक्य नव्हे. 'घाट सावलीत गेलाय आणि शिखरावर शेवटचं ऊन उरलंय' हे वाक्य. यात मुख्य थांबा कोणता ते आलं, उजळ काय नि गडद काय ते आलं, आणि काय गाळायचं तेही आलं. वाक्यात जे बसत नाही त्याला चित्रात मोठ्याने बोलायचा अधिकार नाही. जागा द्या, आवाज देऊ नका.

वाक्य सुचत नसेल तर जागा बदलू नका, वेळ बदलून बघा. ओंकारेश्वर नदीच्या पेठांकडच्या काठावर आहे. समोरच्या काठावरून सकाळी बघितलं तर सूर्य देवळाच्या मागे असतो; शिखर म्हणजे नुसता गडद आकार, कडेला उजेडाची बारीक रेघ. दुपारनंतर ऊन समोरून पडतं आणि चुना पेटतो. आणखी तासाभराने आपल्या मागच्या झाडांची, इमारतींची सावली पाणी ओलांडून घाट चढायला लागते. एकाच जागेची तीन चित्रं, तीन वाक्यं. कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. एकच जागा वेगवेगळ्या उजेडात बघत राहिलं की काय मिळतं, ते त्यांची निसर्गचित्रं बघताना कळतं.

दुसरं काम: खिडकी

जाड पुठ्ठ्यात ५.५ बाय ७.५ सेंटिमीटरची खिडकी कापा. क्वार्टर इंपिरियल कागदाचं, म्हणजे ११ बाय १५ इंचाचं, हेच प्रमाण आहे. खिडकीच्या दोन्ही बाजूंचे मधले बिंदू पेनाने खुणावून ठेवा. एक डोळा मिटून खिडकी जवळ-लांब करत बघा. मोबाइलनेही होतं, पण मोबाइल आकाश आणि जमीन जास्त घेतो आणि लांबचा डोंगर बारीक करतो, त्यामुळे मी पुठ्ठाच वापरतो.

कागदाचे उभे-आडवे तीन भाग करून रेघा जिथं छेदतात तिथं मुख्य वस्तू ठेवा, हा तिसऱ्या भागाचा नियम सगळ्यांना माहीत असतो. नियम म्हणून तो १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराच्या लिखाणात आला. वाईट नाही, पण प्रत्येक चित्र त्याच चौकटीत बसवलं की चित्रं एकमेकांसारखी दिसायला लागतात. मी त्याऐवजी एक साधी कसोटी लावतो. मुख्य थांब्यापासून कागदाच्या चारही कडांचं अंतर वेगवेगळं हवं. घाटाच्या चित्रात शिखराचं टोक वरच्या कडेपासून दोन इंच, डाव्या कडेपासून पाच, उजवीपासून दहा, खालून नऊ. चार अंतरं, चारही वेगळी. पाणी आणि घाट जिथं मिळतात ती आडवी रेघ बरोबर मध्ये नको, एवढं याच वेळी बघून घ्यायचं.

तिसरं काम: काडेपेटीएवढं चित्र

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. बाहेर बसून रंगवणारे बहुतेक जण हाच टप्पा गाळतात, कारण समोर ऊन पळत असतं आणि हात रंगाकडे ओढ घेत असतो. तरीही पंधरा मिनिटं द्या.

काडेपेटीएवढ्या चार चौकटी आखा. ४बी पेन्सिल घ्या. फक्त तीन टोन: कागदाचा पांढरा, मधला करडा आणि गडद. चौथा वापरायचा नाही. आता डोळे इतके बारीक करा की पापण्यांच्या जाळीतून बघितल्यासारखं व्हावं. तपशील गळून पडतात, मोठे आकार राहतात.

घाटासमोर बसून हे करताना पहिला शोध आभाळाचा लागतो. आभाळ म्हणजे उजळ असं आपण धरून चालतो. पण संध्याकाळी पूर्वेकडचं आभाळ उन्हातल्या चुन्यापेक्षा चांगलंच गडद असतं. डोळे बारीक केल्याशिवाय हे कळत नाही. म्हणजे आभाळ मधल्या टोनमध्ये गेलं आणि कागदाचा पांढरा एकट्या शिखरासाठी शिल्लक राहिला. मागच्या इमारती, त्यांच्या गच्च्या, टाक्या हे सगळंही मधल्या टोनमध्ये, आभाळाच्या जवळपास. मग गडद काय? दोन्ही बाजूंची झाडं, सावलीतला घाट, पाणी, आणि माझ्या काठावरची माती.

दुसरा शोध सावल्यांचा. झाडाची सावली, भिंतीची सावली, पायऱ्यांची सावली, पाण्यातलं प्रतिबिंब या चार वस्तू म्हणून काढल्या तर चार तुकडे होतात आणि नजर त्यांच्यात अडखळते. त्या एकमेकींना जोडून टाका. झाडाचा गडद भिंतीच्या सावलीत वाहू द्या, तिथून पायऱ्यांवर, तिथून पाण्यात. एकच मोठा, वेडावाकडा गडद आकार तयार होईल. मधली कड हरवली तर हरवू द्या. त्या जोडलेल्या गडदामुळेच वरचं छोटं शिखर पेटल्यासारखं दिसतं.

प्रमाणही इथंच ठरतं. तीन टोन सारखे वाटून घेऊ नका. या चित्रात निम्म्याहून जास्त गडद, त्याहून कमी मधला, आणि पांढरा अगदी चिमूटभर असं मी ठरवलं. दुसऱ्या चौकटीत उलट करून बघा: मधला टोन भरपूर, गडद चिमूटभर. चारही चौकटी झाल्या की स्केचबुक दोन पायऱ्या खाली ठेवा आणि उभं राहून लांबून बघा. काडेपेटीएवढ्या आकारात आणि तीन टोनमध्ये जे चित्र लांबून ओळखू येत नाही, ते मोठ्या कागदावर रंगांनी सावरत नाही. मी हा प्रयत्न अनेकदा करून बघितलाय.

चौथं काम: थांबे मांडणं

आता त्या छोट्या चित्रावर लाल पेनने थांबे खुणवा. तीन पुरेत, फार तर चार. त्यांना जोराप्रमाणे क्रम द्या आणि तो क्रम मोडू नका.

घाटावर माझे थांबे असे होते. पहिला, सगळ्यात जोरकस, शिखर. दुसरा, घाटाच्या मधल्या पायरीवर बसलेली व्यक्ती, खांद्यावर मळकट पिवळं कापड. तिसरा, उथळ पाण्यात उभा बगळा: गडद पाण्यात नखाएवढा पांढरा. मुठेत जलपर्णीच्या कडेने बगळे असतातच, त्यामुळे त्याला मुद्दाम आणावं लागलं नाही. फक्त उजवीकडून हलवून थोडा डावीकडे, पायऱ्यांच्या खाली घेतला. खालून शिरलेली नजर बगळ्यावर टेकते, तिथून माणसावर, तिथून शिखरावर. शिखरावरून पाण्यातल्या प्रतिबिंबाच्या फिकट पट्ट्यावरून परत खाली. हा परतीचा मार्ग ठेवायला विसरू नका. तो नसेल तर नजर शिखराच्या टोकावरून आभाळात जाते आणि चित्र बघणं तिथंच संपतं.

थांब्यांमधली अंतरंही वेगवेगळी हवीत. बगळा ते माणूस जवळ, माणूस ते शिखर लांब. सारख्या अंतरावर ठेवले की खांब मोजल्यासारखं होतं.

कमजोर थांबा कमजोरच राहिला पाहिजे. बगळा पांढरा आहे, शिखरही पांढरं आहे. म्हणून बगळ्याचा पांढरा मी किंचित निळसर करड्याने उतरवला आणि शिखराला कोरा कागद ठेवला. शेजारी ठेवून बघितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही इतकाच फरक, पण नजर तो पाळते.

पाचवं काम: वाटा आणि आडकाठ्या

आपण सगळ्यांनी शाळेत एक चित्र काढलंय. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध उगवता सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर झोपडी, एक नारळाचं झाड आणि वर मराठी चाराच्या आकड्यासारखे पक्षी. मला त्या चित्राबद्दल प्रेम आहे, आणि रचना समजून घ्यायला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. डोंगर सारखे, सूर्य बरोबर मध्ये, त्यामुळे नजर तिथं खिळते आणि हलत नाही. हललीच तर नदीवर येते. नदी खाली रुंद होत कागदाच्या खालच्या कडेतून बाहेर ओतली जाते, आणि नजरही तिच्याबरोबर वाहून जाते. हेच चित्र पुन्हा काढून बघा. एक डोंगर मोठा करून दुसऱ्याच्या पुढे आणा, सूर्य सरकवा, नदीला वळण द्या आणि कागदाच्या खालच्या कडेशी तिच्यापुढे गवताचा एक काठ आडवा टाका. अर्ध्या तासाचा हा सराव मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आधी देतो.

वाट कागदाच्या कोपऱ्यातून सुरू करू नका. कोपरा आधीच टोकदार बाण असतो, त्यातून वाट निघाली की नजर उलटी त्यातच घुसते. खालच्या कडेवर, कोपऱ्यापासून थोडं आत, आणि सुरुवातीला थोडी झाकलेली वाट बरी. वाट मध्येच हरवू द्या. वेताळ टेकडीवरची पायवाट ग्लिरिसिडियाच्या झुडपांमागे जाते, पुन्हा वर खडकापाशी दिसते. ते हरवलेलं अंतर बघणारा मनाने जोडतो.

मग सरळ, मधोमध जाणारा रस्ता काढायचाच नाही का? काढायचा, पण हॉबेमाने काढलाय तसा. मेइंडर्ट हॉबेमा या डच चित्रकाराचं मिडलहार्निसच्या रस्त्याचं चित्र १६८९ सालचं आहे. रस्ता अगदी मध्यातून सरळ क्षितिजाकडे जातो, दोन्हीकडे उंच, बारीक झाडं. नियमाने बघितलं तर नजर सुसाट आत जाऊन संपायला हवी. पण रस्त्यावर एक माणूस कुत्र्याबरोबर आपल्या दिशेने येतोय, म्हणजे आत जाणारी नजर त्याच्यापाशी अडते. उजवीकडे एक वाट फुटते, तिथं दोघं बोलत उभे आहेत. त्याच बाजूला एक जण रोपांची निगा राखतोय. डावीकडे लांब चर्चचा मनोरा. एका सरळ रस्त्यावर किती ठिकाणी हात धरून थांबवलंय! पर्वतीच्या पायऱ्या खालून काढताना हे चित्र आठवा. पायऱ्या नजरेला भरकन वर ओढतात. मध्ये दम खायला टेकलेलं कुणी, पायऱ्यांवर आडवी पडलेली झाडाची सावली, अशा एक-दोन आडकाठ्या लागतात.

घाटाची अडचण उलटी आहे. पायऱ्यांच्या आडव्या रेघा कुंपणासारख्या उभ्या राहतात आणि नजर वर चढू देत नाहीत. उपाय तीन. काही पायऱ्यांच्या रेघा अर्ध्यात सोडून द्या. पाण्याचा ओला, गडद ओघळ वरून खाली आणा. आणि माणूस बसवा तो त्या तुटलेल्या जागेपाशीच. माणूस कुठं बघतोय हेही ठरवा, कारण तो बघतो तिकडे आपणही बघतो. कॉन्स्टेबलच्या १८२१ सालच्या ओढ्यातल्या गाडीच्या चित्रात जवळच्या काठावर एक कुत्रा आहे, गाडीकडे तोंड करून. त्याच्यामुळे पुढच्या मोकळ्या काठावरून नजर गाडीकडे वळते, आणि घोड्यांच्या साजातल्या लालपाशी थांबते.

गळती बंद करणं

रंगाला हात घालण्याआधी चारही कडांवरून एक फेरी मारा. कडेला अर्धी कापलेली रिक्षा, बाहेर बघणारा माणूस, कोपऱ्यातला उजळ तुकडा, कडेवर जाऊन संपणारी भिंत. या सगळ्या फटी. पुण्यात यात तारांची भर. केबलच्या तारा आभाळ कापत थेट चित्राबाहेर जातात. एखादी तार थांब्याकडे झुकत असेल तर ठेवा, बाकीच्या गाळा.

आणखी एक चूक बारीक पण त्रासदायक: चिकटलेल्या कडा. झाडाची फांदी नेमकी कळसाच्या टोकाला टेकते, किंवा माणसाचं डोकं पायरीच्या रेघेवर बरोबर बसतं. कोण पुढे, कोण मागे, हे नजरेला कळत नाही आणि ती तिथं अडकून बसते. दोन वस्तू एकमेकींवर नीट चढवा, नाहीतर त्यांच्यात मोकळी जागा सोडा.

लांबचं कसं ठेवायचं

पावसाळा सरल्यावर हवा धुतलेली असते, तेव्हा तळजईच्या टेकडीवरून सिंहगड त्याच्या टीव्ही टॉवरसह स्वच्छ दिसतो. रंगवायला मात्र मला हिवाळ्यातली धुरकट सकाळ आवडते. डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात, आणि प्रत्येक रांगेत गडदपणा कमी, निळेपणा जास्त, कडा मऊ. जवळच्या झुडपांना बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीनचा (गडद निळा) दाट गडद, मधल्या टेकडीला तोच पातळ करून, गडाला नुसती निळसर छाया. गड छोटा आहे म्हणून घाबरू नका. जपानी चित्रकार होकुसाईच्या लाटेच्या प्रसिद्ध चित्रात फुजी पर्वत इवलासा आहे, आणि अख्खी लाट त्याच्यावर कमान धरते. झुडपांची फट गडाभोवती अशीच ठेवता येते.

सहावं काम: रंग लावताना आवाज सांभाळणं

जलरंगात पांढरा राखून ठेवावा लागतो, म्हणून मुख्य थांबा पेन्सिलीने हलका आखून घ्या आणि शेवटपर्यंत त्याला पाणी लागू देऊ नका. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा मोठा हात, आभाळ आणि मागच्या इमारतींचा, एकत्र, ओल्या कागदावर ओला रंग. तो वाळला की गडद आकार एका दमात, वरून खाली, झाडांपासून पाण्यापर्यंत. ब्रश मोठा घ्या. लहान ब्रश तपशिलात ओढतो.

कडांचा नियम मी सोपा ठेवलाय. तीक्ष्ण कड फक्त मुख्य थांब्याला. त्याच्या शेजारी गेलेल्या झाडाची कड अर्धी तीक्ष्ण, अर्धी विरघळलेली. चित्राच्या बाहेरच्या बाजूला सगळ्या कडा स्वच्छ, ओल्या ब्रशने मऊ करा. शुद्ध रंगाचंही तसंच. मे महिन्यात गुलमोहर फुलला की सगळ्या रस्त्यावर लाल टाकायचा मोह होतो. एका झाडाला, उन्हातल्या बाजूला, खरा लाल द्या. बाकीच्यांत थोडा हिरवा मिसळून तो मातकट करा. ते एक झाड आपोआप पेटतं.

शेवटची वीस मिनिटं ब्रश खाली ठेवून बघण्यात घालवा. मग ज्या थांब्याला जोर कमी पडतोय त्याच्याशेजारचा गडद थोडा वाढवा. थांब्यालाच रंग चढवत बसू नका, तो मळतो.

सातवं काम: दुसऱ्याचं बोट

चित्र उलटं करून बघा. मोबाइलवर फोटो काढून काळा-पांढरा करा. रंगाने लपवलेली टोनची चूक लगेच दिसते. मग फोटो आरशासारखा डावा-उजवा पालटा. पालटल्यावर वाट अडखळत असेल, तर मांडणीपेक्षा तुमच्या सवयीवर ती उभी होती.

आणि कुणाला तरी दाखवा. "कसं आलंय?" असं विचारू नका, त्यावर सगळे "छान" म्हणतात. विचारा: "पहिल्यांदा कुठं बघितलंत? मग कुठं?" आणि बोट ठेवायला सांगा. चित्रकला न शिकलेला माणूस यासाठी उत्तम. घरचे, शेजारचे, रस्त्यावर थांबलेले. माझ्या शिकवणीतल्या एका मुलीने वाड्याच्या दिंडी दरवाजाचं चित्र आजीला दाखवलं. आजीचं बोट दोनदा दरवाजाशेजारच्या मीटरच्या पेटीवर गेलं. "सर, पेटी खोडू का?" तिने विचारलं. खोडायची गरज नव्हती. पेटीभोवतीच्या उजळ भिंतीवर पातळ करड्याचा एक हात दिला, पेटीची एक कड ओल्या ब्रशने उचलली आणि टिशूने टिपली. टक्कर कमी झाली, पेटी भिंतीत बसली.

बोट चुकीच्या जागी गेलं तर दुरुस्तीचा क्रम हाच ठेवा: आधी त्या जागेचा टोन शेजाऱ्यांच्या जवळ आणा, मग कड मऊ करा, मग रंग करडा करा. पुसून टाकणं अगदी शेवटी.

त्या डिसेंबरातच मी पुन्हा त्या काठावर बसलो, या वेळी सव्वापाचला. माझा काठ सावलीत गेला होता. ड्रम तिथंच होता. मी तो काढला, पण मागच्या मातीच्या टोनमध्ये, निळ्यात बर्न्ट सिएना घालून, एक कड मातीत मिसळून. मावशी रिकामी टोपली घेऊन त्याच वेळी आल्या. मी काही विचारण्याआधी त्यांनी शिखरावर बोट ठेवलं, मग पायरीवरच्या माणसावर. "हा कोण बसलाय?" मग बगळ्यावर. थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आणि तो ड्रम कुठं गेला?"

मी दाखवला.